मृगया आणि दया : पारध्याच्या विद्येचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

अहिंसा हा आपल्या आचारधर्माचा पाया आहे, हे सांगण्यासाठी लेखणी उचलण्याची आवश्यकता नाही. भिक्षूच्या पाऊल टाकण्यापासून भिक्षान्न ग्रहण करण्यापर्यंत प्रत्येक क्रियेवर या एका विधीची दृष्टी असते, आणि वासनिक बंधु-भगिनींनाही उपदेशाच्या वेळी तो प्रथम सांगितला जातो. तथापि जे उत्तर आपण पाठ करून ठेवतो त्याचा विचार करणे हळूहळू थांबते, आणि मग एखाद्या सरळ मनाच्या माणसाने तेच विचारले म्हणजे आपल्यापाशी वचन असते पण युक्ती नसते. असाच एक प्रसंग या लेखाला कारण झाला आहे.

मुंबई-गोवा महामार्गावर नागोठणे आणि कोलाड यांच्या दरम्यान, रोहा तालुक्यात, खांब नावाचे गाव आहे. जवळच सुरगडाचा डोंगर, खाली कुंडलिकेच्या खोऱ्यातील भातशेती, वाडीवाडीतून कातकरी आणि ठाकर वस्ती, आणि डोंगराच्या कुशीत अद्याप उरलेले रान, असा हा मुलूख आहे. विदर्भ, मराठवाडा व खानदेश येथल्याप्रमाणे आपल्या मार्गाची गजबज कोकणात नाही. एखाददुसरे उपदेशी घर आढळते आणि ते आपला आचार शेजाऱ्यापाजाऱ्यांत राहून सांभाळीत असते. अशाच एका घरातील तरुणाने अटनात भेट झाली असता तीन गोष्टी विचारल्या. गावातील मंडळी कधी डुकराच्या, कधी भेकराच्या मागे रानात जातात आणि आता त्यालाही बोलावतात. पहिला प्रश्न असा, की आपण केवळ हाकारी म्हणून गेलो, बंदूक हाती घेतली नाही, तर दोष लागतो काय? दुसरा असा, की जाणते पारधी नवशिक्याला जे शिकवतात त्यात मौन आहे, धीर आहे, एकाग्रता आहे. ज्या विद्येत इतके गुण आहेत ती वाईट कशी? आणि तिसरा असा, की डुकरे रातोरात शेत उधळून लावतात, त्याचे काय करावे? या प्रश्नांमागे एक न विचारलेला चौथा प्रश्नही होता. पारधीला जो जात नाही त्याला गावात वाटा मिळत नाही, आणि वाटा न मिळणे म्हणजे केवळ मांस न मिळणे नव्हे. तो माणूस गावाच्या हिशेबातून थोडासा वजा होतो. आचाराची किंमत ही अशी मोजावी लागते, म्हणून उत्तरही तितक्याच गांभीर्याने दिले पाहिजे.

कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे आणि ते आधीच सांगून टाकावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने आरंभी काही प्राण्यांची शिकार परवान्याने करू दिली होती. १९९१ च्या दुरुस्तीने हौसेची शिकार सर्वस्वी बंद झाली, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतरही ती बंदच आहे. भेकर, सांबर, चितळ, चौशिंगा यांपैकी कशाचीही पारध हा गुन्हा आहे. तेव्हा खांबच्या तरुणाने जाऊ नये, एवढे सांगून विषय मिटवता आला असता. परंतु कायदा हाताला थांबवतो; मनात जी आवड आहे तिचे काय करावे हे तो सांगत नाही. तो धर्माचा प्रांत आहे.

२. पारध्याची विद्या

ज्याचे खंडन करावयाचे ते आधी नीट पाहिले पाहिजे, हा शास्त्रविचाराचा नियम आहे. म्हणून पारध्याची विद्या म्हणजे काय, हे प्रथम पाहू.

नवशिक्याला पहिला पाठ वाऱ्याचा मिळतो. हरिणाचे नाक त्याच्या डोळ्यांहून तीक्ष्ण असते. म्हणून वारा समोरून आपल्या तोंडावर येईल असेच चालावे, चिमूटभर राख सोडून त्याची दिशा पाहावी. डोंगरात सूर्य वर आला म्हणजे तापलेल्या उतारावरून वारा वर चढतो आणि संध्याकाळी थंडावला म्हणजे खोऱ्याकडे उतरतो, हे ध्यानात ठेवून सकाळी एका बाजूने आणि सायंकाळी दुसऱ्या बाजूने जावे. दुसरा पाठ स्तब्धतेचा. हरिणाला तांबडा-नारिंगी रंग नीट ओळखता येत नाही, पण हालचाल मात्र तत्काळ कळते. यासाठी हात, मान, पापणी यांचीही चपळाई सोडून झाडासारखे बसावे. तिसरा पाठ वेळेचा आणि अन्नाचा. पहाट आणि तिन्हीसांजा हा त्यांचा चरण्याचा काळ. वैशाखात रानातले पाणी आटले म्हणजे उरलेल्या पाणवठ्यावर ती येणारच. उंबर पिकले, मोह गळू लागला, की त्याखालच्या मातीत पावले उमटलेली सापडतील. चौथा पाठ खुणांचा. खुराची ओली खूण कोणती आणि कालची कोणती, सांबराने शिंगे घासून सोललेली साल कोणती, कुत्र्याच्या भुंकण्यासारखे ओरडणारे भेकर कोठे सावध झाले, वानराने झाडावरून कोणाला पाहून हाळी दिली, हे सर्व वाचता आले पाहिजे. आपण सरसकट ‘हरिण’ म्हणतो त्यातही भेद आहेत : सांबर, चितळ, भेकर यांची शिंगे गळून पडतात आणि पुन्हा येतात, काळवीट आणि चौशिंगा यांची शिंगे जन्मभर राहतात. पारध्याला हे पुस्तक न वाचता ठाऊक असते.

येथवर आलो असता एक गोष्ट मान्य केली पाहिजे. हा मनुष्य पहाटे उठतो, एकान्त सेवितो, मौन धरतो, थंडी-डास सोसतो, आणि एका जीवावर चित्त असे लावतो की स्वतःच्या देहाचे भान विसरतो. आमच्यापैकी कित्येकांच्या स्मरणालाही इतकी एकतानता साधत नाही. दुसऱ्या प्रश्नातील अर्धे सत्य ते हेच.

आता पुढचे पाठ पाहू. जाणता पारधी सांगतो : जनावर पूर्ण दिसल्यावाचून आणि त्याच्या मागे काय आहे हे कळल्यावाचून चाप ओढू नये. पळत्या जनावरावर नेम धरू नये. ते आडवे उभे राहीपर्यंत थांबावे आणि पुढच्या पायामागे, जेथे हृदय व फुप्फुसे असतात, तेथेच मारावे, म्हणजे ते तडफडत मरणार नाही. जखमी होऊन पळाले तर रक्ताच्या थेंबांवरून माग काढावा, घरी परतू नये. मादी गाभण असेल किंवा तिच्यामागे पाडस असेल तर सोडून द्यावे. कारण पाडस आईच्या येण्याची वाट पाहत गवतात निश्चल पडून असते, आणि आई न आली तर ते तेथेच मरते.

पहिले चार पाठ आणि हे नंतरचे पाठ यांत जातीचा फरक आहे. पहिल्यांनी शिकार साधते. नंतरच्यांतील काहींनी ती उलट निसटते. गाभण मादी मंद चालीची, नेमाला सोपी. तिला सोडणे यात पारध्याचा तोटाच आहे. मग हा नियम त्याच्या विद्येत आला कोठून? या एका प्रश्नावर आपला सगळा विचार उभा राहणार आहे.

३. पूर्वपक्ष

मृगयेच्या बाजूने बोलणारे काही लहान लोक नाहीत. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणात राजाच्या कामज व्यसनांचा विचार करताना मृगयेला द्यूतापेक्षा सौम्य ठरविले आहे. तिच्यामुळे शरीराला व्यायाम घडतो, कफ-पित्त-मेद झडतात, स्थिर व चल लक्ष्यावर नेम बसतो, प्राण्यांच्या चित्ताचे ज्ञान होते, असे त्याचे म्हणणे. कालिदासाच्या शाकुंतलातील सेनापतीही दुष्यन्तापुढे जवळजवळ हेच गुण गातो. श्रीचक्रधरस्वामींच्या आधी सुमारे शतकभर कल्याणीच्या चालुक्यवंशी सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ रचला, त्यात राजाच्या विनोदांमध्ये मृगयेच्या अनेक प्रकारांना मानाचे स्थान आहे. उलट मनुस्मृतीने मद्य, द्यूत, स्त्रिया आणि मृगया ही कामज व्यसनांतील सर्वांत घातक चौकडी म्हटली आहे. पण तेथेही चिंता राजाच्या नाशाची आहे, मृगाच्या नाशाची नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे.

दुसरा पूर्वपक्ष क्षात्रधर्माचा. श्रीकृष्णचक्रवर्तींनी अर्जुनाला युद्धापासून परावृत्त होऊ दिले नाही, मग शस्त्रधारणाला सर्वत्र दोष कसा, असे विचारणारे भेटतात. तिसरा आहाराचा : वाघ हरिणाला खातो, तो पापी नाही, मग मनुष्यच का? आणि चौथा आजच्या काळाचा. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी घरांतील मुले असे सांगतात, की अमेरिकेत लांडगे आणि इतर मोठी हिंस्र जनावरे माणसाने पूर्वीच नाहीशी केल्यामुळे कित्येक प्रांतांत हरिणे बेसुमार वाढली. तेथील शासन नवशिक्याला शिक्षण देऊन, परवाना देऊन, ठरावीक महिन्यांत शिकार करू देते. आणि न मारली तर ती उपासमारीने व रोगाने मरतात. तेथे मारणे हीच दया नव्हे काय?

४. सिद्धान्त

मागे सोडलेल्या प्रश्नाकडे परत वळू. गाभण मादी सोडावी, तडफडू देऊ नये, जखमी जनावराला टाकून जाऊ नये, हे नियम पारध्याच्या विद्येत आले ते त्याच्याच अंतःकरणातून आले. मृगाची वेदना खरी आहे, पाडसाचे वाट पाहणे खरे आहे, हे त्याला ठाऊक आहे. दगड फोडताना कोणी म्हणत नाही, की त्याला यातना न होतील असा घाव घाला. म्हणजे हिंसेच्या अगदी मध्यभागी उभा राहूनही पारधी दयेची साक्ष देत आहे. आता त्याला एवढेच विचारावयाचे, की वेदना खरी असल्यामुळे जर ती लांबविणे अनुचित, तर जीवित खरे असल्यामुळे ते तोडणे उचित कसे? ज्या कारणाने तू गाभण मादी सोडलीस त्याच कारणाने नर का सोडू नयेस? दया ही एखाद्या ठिकाणी येऊन थांबवावी अशी वस्तू नाही. ती थांबविण्यास कारण द्यावे लागते, आणि आवड हे कारण होऊ शकत नाही.

महाभारतात पांडूची कथा आहे. मृगरूपाने मैथुनात असलेल्या किंदम ऋषीला त्याने बाण मारला, तेव्हा ऋषी म्हणतो ते लक्षात घेण्यासारखे आहे : मृग मारलास म्हणून मी तुला दोष देत नाही, तो क्षण तरी टळू द्यावयाचा होतास. येथेही तीच अर्धी वाट. परंपरेने एक मर्यादा घातली, पण ती मर्यादा जेथून उपजली त्या तत्त्वापर्यंत ती गेली नाही. दशरथाने सरयूतीरी केवळ आवाजावरून बाण सोडला आणि श्रावणाचा प्राण घेतला. ‘पाहिल्यावाचून मारू नये’ हा पाठ त्या दुःखातूनच घ्यावयाचा. हे पुराणातच घडते असे नाही. २०२५ च्या प्रारंभी पालघर जिल्ह्याच्या जंगलात डुकराच्या पारधीस गेलेल्यांपैकी एकाची गोळी जनावर समजून सोबत्यालाच लागली आणि त्याचा प्राण गेला. अशा वेळी सर्वजण हळहळतात की माणूस ओळखता आला नाही. आपले शास्त्र याहून एक पाऊल पुढे जाऊन म्हणते, की जीव ओळखता आला नाही.

आपल्या सिद्धान्तात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ स्वतंत्र आणि नित्य आहेत. हरिणाच्या ठिकाणी असलेला जीव आणि माझ्या ठिकाणी असलेला जीव यांत जीवपणाचा भेद नाही. दोघेही अविद्येने बद्ध, दोघेही आपापल्या कर्माचे भोग भोगीत आहेत. भेद इतकाच की मनुष्यदेही ज्ञानाचा अधिकार संभवतो. आता ज्याला अधिकार मिळाला त्याने नाही त्याच्यावर शस्त्र चालवावे, हे अधिकाराचे फळ म्हणावे काय? वाघाचा दृष्टान्त येथे लागू पडत नाही. वाघाला विधी नाही आणि निषेधही नाही. निवड करण्याचे सामर्थ्य ज्याला आहे त्यालाच दोष लागतो. जो वाघाचा दाखला देतो त्याने आपले मनुष्यत्व तेवढ्यापुरते परत केले, असे समजावे. युद्धाचा दाखलाही तसाच. कुरुक्षेत्रावर समोरचा शस्त्र घेऊन, जाणून-बुजून उभा होता. भेकराचे आपल्याशी कोणतेही वैर नाही.

कौटिल्याचे गुणवर्णन खोटे आहे असे मात्र म्हणवत नाही. व्यायाम घडतो, एकाग्रता घडते. पण गुण हा कोणत्या साध्याच्या सेवेला आहे यावर त्याची शुद्धी अवलंबून असते. चोराचेही मौन असते आणि कपटी मनुष्याचाही संयम असतो. धीर, स्तब्धता, निरीक्षण ही साधने आहेत. त्यांना स्वतःचा धर्म नाही. शिवाय हे सर्व गुण शेवटचा चाप न ओढताही मिळतात. वारा ओळखावा, खुणा वाचाव्या, पाणवठ्यावर पहाट होईतो निश्चल बसावे, मृग यावा, त्याने पाणी प्यावे आणि निर्भयपणे निघून जावे : यात कौटिल्याने सांगितलेल्या गुणांपैकी नेमाखेरीज कोणता उणा पडला? आणि त्याच कौटिल्याने दुसऱ्या अधिकरणात, ‘अभयवना’त राहणाऱ्या मृगपक्ष्यांना बांधणाऱ्यास किंवा मारणाऱ्यास उत्तम दंड, म्हणजे सर्वांत जबर दंड, सांगितला आहे. मृगयेची बाजू मांडणाऱ्या राजनीतिज्ञालाही भूमीचा काही भाग भयमुक्त असावा असे वाटले.

राजानेच मृगया सोडल्याचा पुरावा तर कोकणातच आहे. सोपारा येथे पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. त्या लेखाचा आशय असा, की पूर्वीचे राजे मृगयादी करमणुकीसाठी विहारयात्रेला जात, अशोकाने त्याऐवजी धर्मयात्रा आरंभिल्या. त्याच्याच पहिल्या लेखात, राजाच्या पाकशाळेत पूर्वी पुष्कळ प्राणी मारले जात ते आता दोन मोर आणि एक मृग एवढ्यावर आले, मृगही नित्य नाही, आणि पुढे तेही बंद होतील, असे प्रांजळपणे नमूद आहे. एकदम सुटले नाही तर उतरत्या क्रमाने सोडावे, हा गृहस्थाला उपयुक्त असा धडा त्यात आहे.

या सर्वांहून आपल्याला प्रमाण आहे ते सर्वज्ञांचे आचरण. लीळाचरित्रात म्हाइंभटांनी नोंदविलेली सशाची लीळा सर्वांना परिचित आहे. पारध्यांनी ससा उठवून त्याच्यामागे कुत्री सोडली. तो भयाने धावत आला आणि आसनस्थ स्वामींच्या गुडघ्याखाली शिरला. पारधी मागून आले, ससा सोडावा अशी विनंती करू लागले. हा होडेचा ससा आहे, याच्यावरून आमच्यात सुऱ्या निघतील, असे त्यांनी सांगितले. स्वामींनी शस्त्र घेतले नाही. जो शरण आला त्याच्या वाट्याला मरण यावे काय, एवढाच प्रतिप्रश्न केला. पारधी निघून गेले, मग गुडघा उचलून सशाला जाऊ दिले.

या लीळेतील ‘होड’ या शब्दाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. त्या पारध्यांना सशाची भूक नव्हती. त्यांना पैज जिंकावयाची होती. जीव हा पैजेचा विषय झाला की तो जीव राहत नाही, जिंकण्याची खूण बनतो. आजही भिंतीवर टांगलेली शिंगे आणि मित्रांना दाखविण्यासाठी काढलेली छायाचित्रे हे होडेचेच प्रकार आहेत. आणि पैजेचा शेवट माणसांवर सुऱ्या निघण्यात होतो, हेही पारध्यांनीच कबूल केले आहे. सशावर उगारलेले शस्त्र शेवटी सोबत्याकडे वळते, याला याहून स्पष्ट साक्ष कोणती हवी?

परदेशातील पूर्वपक्षाचे उत्तरही येथेच आहे. हिंस्र जनावरे माणसाने मारली, त्यामुळे हरिणे वाढली. आता हरिणे मारणे हा त्या पहिल्या हिंसेचा कर्जफेडीचा हप्ता झाला. एखाद्या शासनाला तो भरावा लागत असेल. त्याचा निर्णय त्या देशाचे जाणकार करतील. परंतु कर्जाचा हप्ता कोणी सणासारखा साजरा करीत नाही. आवश्यकता सिद्ध झाली तरी तिच्यामुळे आनंद निर्दोष ठरत नाही. तेथील उपदेशी मुलाला सोबती बोलावतील तेव्हा त्याने नम्रपणे नाही म्हणावे. हे काम करणारे दुसरे पुष्कळ आहेत.

५. भूक, शेत आणि रान

आता तिसरा प्रश्न, आणि तो सर्वांत अवघड. कारण येथे बोलणाऱ्याचे पोट भरलेले असते.

कातकऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. काथ पाडण्याच्या धंद्यावरून ज्यांना नाव पडले त्यांचे रान ब्रिटिश अमलात राखीव झाले, धंदा गेला, आणि १८७१ च्या कायद्याखाली त्यांच्यावर गुन्हेगार जमातीचा शिक्काही बसला. आज त्यांच्यापैकी कित्येक कुटुंबे पावसाळा सरला की वीटभट्ट्यांवर जातात. असा मनुष्य भुकेने उंदीर, ससा धरतो, तेव्हा त्याच्या कर्माला हिंसेचा दोष नाही असे शास्त्र म्हणणार नाही. पण ज्याच्या घरी धान्य असून त्याने भुकेल्याला दिले नाही, त्यालाही त्या दोषाचा वाटा आहे, असे मी म्हणेन. होडेची पारध आणि भुकेची पारध एका तराजूत घालू नये. सर्वज्ञांनी कोणाचीही जात पाहून त्याला दूर लोटले नाही. त्यांचे नाव घेणाऱ्यांनी कातकऱ्याला अहिंसा शिकविण्याआधी त्याच्या चुलीची चौकशी करावी.

शेताचा विचार असा. भात, वरी-नाचणी, वाल यांची राखण करणाऱ्याचे कष्ट ज्याने पाहिले आहेत तो त्याला कोरडा उपदेश करणार नाही. रात्रीची राखण, माळ्यावरून हाकारणे, डबे वाजविणे, कुंपण घालणे, हे आधीचे उपाय आहेत आणि ते सर्व करून पाहावे. नुकसान झाल्यास वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करावा. त्यात वेळ जातो, तरी तो करावा. उभ्या पिकाला किंवा जीविताला धोका ठरलेल्या जनावराविषयी अधिकाऱ्याने कारणे देऊन लेखी परवानगी देण्याची तरतूद अधिनियमात आहे, आणि स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचविताना सद्भावनेने घडलेल्या घातास गुन्हा मानलेले नाही. तेव्हा गृहस्थाला कायद्यानेही कोंडलेले नाही. परंतु परवानगी असली तरी उपदेशी माणसाने हे काम स्वतःच्या हाती घेऊ नये, त्याचा वाटा स्वीकारू नये आणि त्या दिवशी उत्सव करू नये. अपरिहार्यतेला आवडीचा रंग चढू लागला की ती अपरिहार्यता संपली. आणि हेही सांगितले पाहिजे, की भेकर किंवा सांबर यांची पारध शेताच्या नावाखाली खपविली जाते, पण उभे शेत उकरणारे जनावर बहुधा डुक्कर असते. नाव डुकराचे आणि हाका भेकरासाठी, हा आपल्याच मनाशी केलेला खोटेपणा आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर यातूनच मिळते. पातंजल योगसूत्रांत हिंसेचे तीन प्रकार सांगितले आहेत : स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली आणि अनुमोदिलेली. हाकाऱ्याने रान उठविले नाही तर बंदूकवाल्यापुढे मृग येणारच नाही. तेव्हा तो तिसऱ्या प्रकारात नव्हे, पहिल्याच्या अगदी शेजारी उभा आहे. हाती बंदूक नव्हती, हा केवळ हाताचा हिशेब झाला.

मात्र जे कधीच पारधीला गेले नाहीत त्यांनी निश्चिन्त होऊ नये. बंदुकीशिवायही मृग मरतो. रायगडच्या डोंगरांवर उन्हाळ्यात जे वणवे लागतात, आणि त्यांतील पुष्कळ माणसानेच लावलेले असतात, त्यांत गवतात निश्चल पडलेली पाडसे जागच्या जागी जळतात. पळू नये हीच त्यांच्या जातीची रीत असते. डोंगर फोडून घरांचे भूखंड पडतात, पाणवठे कुंपणात जातात, रस्ता ओलांडणारे जनावर रात्री वाहनाखाली येते. शाकाहारी गृहस्थाने अशा भूखंडावर बंगला बांधला आणि पारध्याला पापी म्हटले, तर त्या दोघांत अधिक हिंसा कोणाची, हे सांगणे कठीण आहे. आपल्या अहिंसेला ताटापलीकडे दृष्टी असावी.

६. निष्कर्ष

यावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. होडेची, हौसेची, मानाची पारध ही कोणत्याही युक्तीने निर्दोष ठरत नाही, आणि तीत हाकारी होणे हेही करणेच आहे. भुकेने किंवा जीवरक्षणासाठी घडलेल्या हिंसेला दोष आहे, परंतु त्या दोषाचे भागीदार अनेक आहेत आणि त्यांतील पुष्कळजण सुखवस्तू आहेत. आणि पारध्याची विद्या, शेवटचा पाठ सोडून, टाकाऊ नाही. ज्या तरुणांना रानाची ओढ आहे त्यांना रानापासून तोडू नये. पावलांच्या खुणा, वाऱ्याची दिशा, पाडसाची निश्चलता हे ज्याला ठाऊक आहे तोच वणवा लागण्याआधी धावेल, पाणवठा साफ ठेवील, फासा दिसला तर काढून टाकील. अज्ञानी माणसाची दया बहुधा भाबडी असते. जाणत्याची दया उपयोगी पडते. गावाच्या वाट्यातून जो वजा झाला त्याने रानाच्या राखणीत स्वतःला जमा करावे. पारधीच्या दिवशी तो घरी बसला म्हणून भित्रा ठरेल. वणव्याच्या रात्री तो डोंगरावर पहिला दिसला तर तो शब्द कोणी पुन्हा उच्चारणार नाही.

रोह्याच्या पलीकडे, मुरुडच्या बाजूस, फणसाडचे रान आहे. एके काळी ते जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीसाठी राखलेले रान होते. १९८६ साली ते अभयारण्य म्हणून घोषित झाले. भूमी तीच, झाडे तीच, पाणवठेही तेच. राखण्याचा हेतू तेवढा पालटला. अभय म्हणजे भय नसणे, आणि दानांत अभयदान श्रेष्ठ म्हटले आहे, कारण ते देण्यास धन लागत नाही. सर्वज्ञांनी सशाला दिलेली जागा गुडघ्याखालची, वीतभर होती. तेवढी जागा प्रत्येकापाशी असते. साधकाने आपल्या ठिकाणी ती मोकळी आहे की नाही, एवढे नित्य पाहत जावे.

दंडवत प्रणाम.